पांढऱ्या पट्टीच्या पुढे

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे — पण खरी, एकदाही नाही.

बोईसर स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर कुणी विषय काढला की मी सांगतो. सेटवर अपघात झाला. बंदुकीत गोळी नव्हती, नुसती दारू होती, पण समोरचा माणूस ऐन वेळी पुढे सरकला आणि त्याचा डोळा गेला. फार वाईट झालं. मग कुणीतरी म्हणतं, ‘तुमचा काय दोष त्यात?’ आणि मी मान खाली घालतो. मान कधी खाली घालायची, किती वेळ ठेवायची, हे मला बरोबर कळतं. नट आहे ना मी!

आज दुसरं सांगायचं आहे. एका दमात जमेल असं वाटत नाही. थोडं आडून आडून यावं लागेल — तेवढं चालवून घ्या.

माझे वडील कराडकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आले आणि बोईसरचेच होऊन गेले. मीही इथल्या एका रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होतो. शिफ्टची बस, भाड्याची खोली, आंघोळ केली तरी अंगाला येणारा वास. कामगारांच्या नाट्यस्पर्धांत कामं करायचो. आवाज मोठा, अंगाने भरलेला, मिशी शोभून दिसायची. तिथे कुणीतरी पाहिलं आणि गुन्हेगारीवरच्या एका टीव्ही मालिकेत मला हवालदार म्हणून उभं केलं. वाक्य एकच — ‘चला, गाडीत बसा.’ पण हवालदाराचा पुढे सबइन्स्पेक्टर झाला आणि सबइन्स्पेक्टरचा इन्स्पेक्टर. मुंबईत जागा परवडेना म्हणून मालिकावाल्यांनी आमच्याच बोईसरमधला एक बंद पडलेला कारखाना भाड्याने घेतला. गंजलेल्या टाक्या, फुटलेल्या काचा, काळे पडलेले खांब. गुंडांच्या अड्ड्यासाठी वेगळं काही उभारावं लागत नसे. मी नोकरी सोडली. आयुष्यभर ज्या रस्त्याने शिफ्टला गेलो, त्याच रस्त्याने आता लोक मला साहेब म्हणून हाका मारायला लागले.

आमच्या मालिकेत दर भागात एक तरी चकमक असायचीच. आणि चकमकीसाठी लागणाऱ्या सगळ्या बंदुका बस्त्यावच्या ताब्यात असायच्या.

बस्त्याव वसईचा. साठीला आलेला, पोट सुटलेला, सतत कुणाची तरी फिरकी घेणारा. पण त्याने बंदुकांची पेटी उघडली की चेष्टा बंद. पेटीत तीन जाती असायच्या. रबरी पिस्तुलं — पळताना, पडताना, कमरेला लटकवायला. लोखंडी पिस्तुलं — दिसायला हुबेहूब, हातात वजन, पण आतून पोकळ. आणि तिसरी, जिला आम्ही सगळे ‘फायरवाली’ म्हणायचो. हिच्यात दारूची पुंगळी असते, पुढून पुठ्ठ्याचं बूच लावलेली. शिशाची गोळी तेवढी नसते. बाकी आवाज खरा, जाळ खरा, धूर खरा. फायरवाली बस्त्याव स्वतः भरायचा, स्वतः आमच्या हातात ठेवायचा आणि शॉट संपला की स्वतः काढून घ्यायचा.

नवा माणूस सेटवर आला की तो बाजारातून एक पिकलेली पपई आणायला लावायचा. ती पिंपावर ठेवायचा आणि हातभर अंतरावरून फायरवाली झाडायचा. साल फाटून जायची, गर करपून मागच्या भिंतीवर उडायचा. ‘गोळी नाय हाय हिच्यात,’ बस्त्याव म्हणायचा, ‘तरी बघा काय केलं.’ मग तो जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावायचा. गोळी झाडणाऱ्याचे पाय त्या पट्टीच्या मागे. आणि नेम समोरच्याच्या खांद्याच्या बाहेर, मोकळ्या हवेत. कॅमेऱ्याची जागा अशी ठरवलेली असते की टीव्हीवर तो नेम छातीवर धरल्यासारखाच दिसतो.

मी ती पपई कितीदा फुटताना पाहिली असेल? दर नव्या माणसाबरोबर पाहिली. एकदा तर बस्त्यावने माझ्याच हातून फोडून घेतली होती. 

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगायला मला जास्त लाज वाटते — डोळ्याच्या गोष्टीपेक्षाही जास्त, कधी कधी. मला ती बंदूक आवडायची. अभिनयाचं सोडा — ती हातात आली की माणसं माझ्याकडे कशी बघतात, ते आवडायचं. रबरी पिस्तुलांवर बस्त्यावचं तेवढं लक्ष नसे. त्यातलं एक मी घरी आणलं आणि परत केलंच नाही. कमरेला लावून फिरायचो. एकदा स्टेशनजवळ एका रिक्षावाल्याचा धक्का माझ्या मोटारसायकलला लागला. मी उतरलो आणि शर्ट जरा वर केला. एवढंच. त्याने रिक्षातूनच हात जोडले. ‘साहब, माफ कर दो, गलती हो गई.’ माफ करून निघून जाता आलं असतं ना? मी त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि लोकांसमोर थोबाडीत मारली. दोनदा. पिस्तूल रबराचं होतं — चपराका मात्र खऱ्या होत्या. त्याच्या ओठातून रक्त आलं आणि मला घरी जाताना हलकं हलकं वाटत होतं.

आणि एकदा सुजातावर — माझ्या बायकोवर — भांडणात ते रोखलं. तिला माहीत होतं ते रबराचं आहे. त्याच्यावरची धूळ तीच पुसायची. तरी ती मागे सरकली आणि ओट्याला टेकली. मी हसून म्हटलं, ‘गंमत केली गं.’ ती हसली नाही. त्या रात्रीपासून ती भांडणच करेनाशी झाली. मला वाटलं, घरात शांतता आली.

असा होतो मी. आता रमण.

रमण मासवणचा. वारली. गावाकडे पावसावरची थोडी भातशेती, आणि एरवी आमच्याच वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली पिंपं चढवायचं-उतरवायचं काम. सुट्टी असेल त्या दिवशी सेटवर यायचा — मरायला. म्हणजे कामच ते. गुंडांच्या टोळीतला मागे उभा राहणारा, ज्याला नाव नसतं, वाक्य नसतं. माझ्या हातून तो किती भागांत मेला असेल देव जाणे. कधी दाढी लावून, कधी टोपी घालून. आल्याबरोबर विचारायचा, ‘साहेब, आज कसा मरू? पोटावर का पाठीवर?’ मारहाणीच्या शॉटमध्ये मी त्याला लाथ घालायचो. ती नुसती दाखवायची असते. पण कधी कधी मी लागू द्यायचो. तो बरगडी चोळत उठायचा आणि म्हणायचा, ‘चालतं साहेब. टीव्हीत खरं वाटलं पायजे.’

त्या दिवशी मोठा प्रसंग होता. गोष्टीत माझ्या हवालदाराचा खून झालेला असतो आणि मी त्या खुन्याला गुडघ्यावर बसवून, कायदाबियदा बाजूला ठेवून, समोरून गोळी घालतो. नेहमी मागे उभ्या राहणाऱ्या रमणला त्या दिवशी पहिल्यांदा पुढे आणलं होतं. खुनी तोच. सकाळपासून खुशीत होता. बायकोला सांगून आला होता म्हणे, आज माझं तोंड दिसणार टीव्हीत.

भर दुपार. बॉयलरच्या शेडमध्ये पत्रा तापलेला, त्यात धुराचं मशीन. कॅमेरा रमणच्या पाठीमागे, त्याच्या खांद्यावरून माझ्या चेहऱ्याकडे बघणारा. पहिला शॉट झाला आणि दिग्दर्शक मॉनिटरच्या पडद्यामागून ओरडला. मी डोळे मिटले होते. चाप ओढताना आवाजाच्या आधीच माझे डोळे मिटले होते. दुसऱ्यांदा घेतला. पुन्हा मिटले. तिसऱ्यांदाही. दिग्दर्शक बाहेर आला. ‘अरे इन्स्पेक्टर साब, आँख बंद करके एन्काउंटर करोगे क्या? पब्लिक हँसेगी!’ सगळे हसले. लाइटवाले हसले, मेकअपवाली हसली. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. आणि तेवढ्यात गुडघ्यावर बसलेला रमण, चेहऱ्याला लाल रंग फासलेला, माझ्याकडे वर बघून म्हणाला, ‘साहेब, तुमी नका भिऊ. मी मेलेलाच हाय.’

त्यावर जो हशा झाला! बस्त्यावसुद्धा पोट धरून हसला. रमणला वाटलं, त्याने मला मदत केली. वातावरण हलकं केलं. तो माझ्याकडे बघून हसत होता — आपल्या माणसाकडे बघून हसतात तसा.

बस्त्यावने फायरवाली पुन्हा भरली, माझ्या हातात दिली आणि खांबामागे गेला. दिग्दर्शक पडद्याकडे गेला. धूर सोडला.

मग आवाज झाला.

रमण आधी ओरडला नाही. दोन्ही हात तोंडावर घेऊन तो कमरेत वाकला, कपाळ जमिनीला लागलं. क्षणभर सगळ्यांना वाटलं, काय मेलाय! कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मग तो ओरडला. जनावर ओरडतं तसा. बोटांच्या फटींतून रक्त येत होतं, आणि ते मेकअपच्या रंगासारखं नव्हतं — काळसर, दाट, त्यात करपलेलं काहीतरी. केस जळाल्याचा वास आला. तो गडबडा लोळायला लागला आणि लोळताना ‘आये, आये’ करत होता. त्याला धरायला चार माणसं लागली.

आणि मी? मी ओरडलो, ‘हा पुढे आला! एकदम पुढे आला हा!’ त्याचं नाव घेण्याआधी, पाणी मागण्याआधी, गाडी काढा म्हणण्याआधी माझ्या तोंडातून हेच निघालं. धुरात कुणाला काही दिसलं नव्हतं. सगळ्यांनी पहिल्यांदा जे ऐकलं ते माझं वाक्य. पोलीस येऊन विचारून गेले, तेव्हा सगळ्यांनी तेच सांगितलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्यांनी तसंच पाहिलंय असं तोवर त्यांना वाटायला लागलं होतं.

त्याचा उजवा डोळा काढावा लागला. मी दवाखान्यात गेलो. जावंच लागलं, लोक बघत होते. अर्ध्या तोंडावर बँडेज, उरलेली बाजू सुजलेली. त्याने माझा आवाज ओळखला आणि उठायचा प्रयत्न केला. ‘साहेब,’ तो म्हणाला, ‘माझ्यामुलं तुमचं शूटिंग थांबलं. मी कसा पुढं आलो, मला कायच आठवत नाय.’ त्याने माझी माफी मागितली. डोळा गेलेल्या माणसाने. मी काय केलं असेल? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, ‘होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस.’

बाहेर व्हरांड्यात बस्त्याव उभा होता. त्याने मला कोपऱ्यात घेतलं. ‘विलास, खरं सांग. तू पट्टीच्या मागे होतास ना?’

‘होतो.’

‘शपथेवर?’

‘मुलांची शपथ.’

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. म्हणाला, ‘मग माझ्याकडूनच दारू जास्त भरली गेली. थोडं पुढं सरकल्यानं एवढं नाय होत.’ मी ते तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने निर्मात्याला स्वतःच जाऊन तसं सांगितलं. त्याला काढलं. त्यानंतर कुठल्याच सेटवर त्याला कुणी बंदुकीला हात लावू दिला नाही. दीड वर्षाने तो वसईला वारला, हे मला व्हॉट्सअॅपवर कळलं. मातीला मी गेलो नाही.

कॅमेरामनला माहीत असणार. शॉटमध्ये माझा चेहरा अचानक मोठा झाला असेल, त्याला फोकस सांभाळावा लागला असेल. पण तो मला एवढंच म्हणाला, ‘शॉट अच्छा आया है.’ आणि खरंच चांगला आला होता. त्यांनी तो मालिकेत वापरला. आवाजाच्या क्षणी तोडला, बस्स. माझे डोळे उघडे होते. पापणीसुद्धा हलली नव्हती. तो भाग लागला त्या दिवशी माझा फोन वाजायचा थांबत नव्हता. काय नजर होती, अंगावर काटा आला, असं लोक म्हणाले. मला मोठी भूमिका मिळाली ती त्या नजरेवर.

आता बोलतो. इतकं फिरून आलो, आता पुढे काही उरलं नाही.

रमण पुढे आला नाही. तो होता तिथेच गुडघ्यावर बसला होता, हात पाठीमागे बांधल्यासारखे धरून, सांगितल्याप्रमाणे. त्याच्या ओठांवर हसू होतं अजून — तेवढं मला धुरातूनही दिसलं. मी पट्टी ओलांडली. एक पाऊल, मग आणखी एक. हात त्याच्या खांद्याच्या बाहेर धरायचा होता — मी तो आत आणला. त्याच्या तोंडासमोर. मला पपई आठवली. आठवली, आणि मी थांबलो नाही. त्याला नुसतं घाबरवायचं होतं असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. घाबरवायला चाप ओढावा लागत नाही. घाबरला तर तो होताच — नळी समोर आली तेव्हा त्याचं हसू गेलं, ‘साहेब’ म्हणायला तोंड उघडलं. ते मी पाहिलं. तेच बघायला मी पुढे गेलो होतो. ते मिळालं — आणि मग मी चाप ओढला.

आणि आवाज झाल्यावर, तो खाली वाकताना, मी पहिली गोष्ट काय केली? मागे सरकलो. पट्टीच्या मागे पाय नेऊन ठेवले. मग ओरडलो.

एवढंच आहे ते. ‘अपघात’ म्हणतात तो.

गेल्या दिवाळीनंतर मी मोटारसायकलने मनोरकडे निघालो होतो. मासवणच्या रस्त्याला एक टेम्पो उभा होता. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्यांची टोपली. भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघालेली माणसं. एका डोळ्याच्या माणसाला पिंपं चढवायला ठेवत नाहीत; ठेकेदाराने रमणला केव्हाच बंद केलं होतं. त्याने मला ओळखलं आणि हात केला. थांबावं लागलं. तो सगळ्यांना हाका मारून सांगायला लागला, ‘बघा, हेच साहेब! यांनीच मला गोळी घातली!’ अभिमानाने. दोन पोरांनी माझ्यासोबत मोबाइलवर फोटो काढला. रमण मध्ये उभा राहिला. गेलेल्या डोळ्याच्या खोबणीवरची कातडी आत ओढली गेली होती. मी हसलो.

त्याची बायको जयवंती टेम्पोजवळ गोणीचं तोंड बांधत होती. ती हसली नाही. ती जवळ आली आणि सरळ विचारलं, ‘साहेब, तवा तुमी कुठं उभं होतं?’

मला कळलं नाही असं मी दाखवलं.

‘यांचं तोंड जलालं, भुवई जलाली. डाक्तर बोलला, नली तोंडाला लागलीच होती जवल जवल. हे गुडघ्यावर होतं. गुडघ्यावरचा माणूस एवढा कसा पुढं येल? तुमी कुठं उभं होतं?’

सांगता आलं असतं. शूटिंगचा कॅमेरा नव्हता, पोलीस नव्हते. रस्ता होता, टेम्पो होता, समोर ती दोघं होती.

‘गप ना गं,’ रमण म्हणाला. ‘साहेब त्यांच्या जाग्यावरच होते. मीच पुढं गेलो. नाय का साहेब?’

त्याचा एक डोळा माझ्याकडे होता.

मी मान हलवली. हो म्हणून.

जयवंती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला कळलं की तिला सगळं कळलं आहे. मग तिने गोणीची गाठ आवळली, रमणच्या दंडाला धरून त्याला दिसत नव्हतं त्या बाजूने टेम्पोत चढवलं आणि स्वतः मागून चढली. टेम्पो निघाला. रमण फळीवरून हात हलवत होता.

मी गाडी वळवली आणि बोईसरला परत आलो. दुपारी माझा शॉट होता, गोळीबाराचा. मी वेळेवर पोचलो.